शपथेतला बारावा

साल्वादोर पिंटो यांनी मसुऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं हिंदी शिकवली. त्यांच्या विद्यार्थ्यांची हिंदी ऐकून कुणालाही मास्तरांविषयी शंका यावी, पण मास्तर त्याबद्दल स्वतःला दोष देत नाहीत. दोष द्यायला त्यांच्यापाशी याहून मोठी गोष्ट आहे. एकोणीसशे शहाऐंशी साली, जेमतेम अर्ध्या मिनिटात, त्यांनी खाजणवाडीतल्या अकरा धडधाकट पुरुषांची तोंडं अडतीस वर्षांसाठी बंद केली. तीही हिंदीतून.

खाजणवाडी मालवणपासून सायकलच्या अंतरावर आहे. वाडीत सगळी घरं मासेमारांची, आणि एकच घर ख्रिस्ती, ते पिंटोंचं. साल्वादोरचे वडील जहाजावर खानसामा होते. मुलाला समुद्र लागायचा, म्हणून त्याला शिक्षक केलं. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईहून चित्रीकरणाचं एक पथक वाडीत उतरलं. दूरदर्शनसाठी गुप्तहेरांची मालिका चालली होती. दर भागात नायक वेष बदलून कुठल्या तरी टोळीत शिरायचा आणि अर्ध्या तासात, बातम्यांच्या आत, टोळीचा निकाल लावायचा. या भागात टोळी सोन्याच्या तस्करांची होती आणि किनारा खाजणवाडीचा.

टोळीसाठी दिग्दर्शकाने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे अकरा जण निवडले. असे चेहरे मुंबईत रंगरंगोटी करूनही मिळत नाहीत, असं तो म्हणाला. हे कौतुक आहे असं समजून अकराही जणांनी ते स्वीकारलं. टोळीचा म्हातारा मुनीम मात्र हिंदी बोलणारा हवा होता. अठ्ठावीस वर्षांच्या साल्वादोर मास्तरांना पांढरी दाढी चिकटवण्यात आली.

प्रसंग असा होता: नायक टोळीत दाखल होतो आणि मुनीम सगळ्यांना शपथ देतो. अकरा जणांनी नुसतं क्रूर दिसायचं होतं. शाळेमागच्या मैदानात तालीम झाली तेव्हा ते नुसते क्रूर दिसलेही. पण प्रत्यक्ष चित्रीकरणाला दिग्दर्शकाला वाडीतला वड आवडला. त्या वडाखाली वाडीच्या राखणदार देवाचा दगड आहे. होडी पाण्यात घालताना, मुलीचं लग्न ठरताना, वाडीचे मानकरी, म्हणजे गावकर, तिथे उभे राहून गाऱ्हाणं घालतात. ते एकेक वाक्य म्हणून थांबतात आणि जमलेले पुरुष त्या थांबण्यात आपला होकार घालतात.

मास्तर वडाखाली उभे राहिले. दिग्दर्शकाने बजावलं होतं की प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं, कॅमेरा चेहऱ्यांवरून फिरेल.

"जो इस टोली में आया, उसका नाम इस किनारे से बाहर नहीं जाएगा," मास्तर म्हणाले आणि थांबले.

"व्हय म्हाराजा!" अकरा जण एका आवाजात म्हणाले.

हा गाऱ्हाण्याचा होकार आहे हे मास्तरांच्या लक्षात आलं. पण कॅमेरा चालू होता आणि दिग्दर्शक डोळ्यांनी 'पुढे' असं सांगत होता.

"किसी ने पूछा तो भी नहीं।"

"व्हय म्हाराजा!"

"जिसकी ज़बान खुलेगी, दर्या उसे वापस नहीं लाएगा।"

"व्हय म्हाराजा!"

दिग्दर्शक बेहद्द खूश झाला. टोळीची इतकी अस्सल सांकेतिक भाषा त्याला लेखकाकडून कधी मिळाली नव्हती. अकरा जणांच्या चेहऱ्यावर मात्र क्रौर्य राहिलं नव्हतं. आपण काय कबूल केलं ते त्यांना तिसऱ्या होकारानंतर कळलं होतं.

त्या वेळचे गावकर दाजी. ते तिन्हीसांजेला मास्तरांच्या दारात आले. "साल्वादोर, तू गावकर नाय, हिंदू नाय, आणि बोल्लंस ती भाषा पण आमची नाय," ते म्हणाले. "पण जागो राखणदाराचो, आणि हे मेले व्हय म्हणान मोकळे झाले. आता ता लागू."

"सोडवता येणार नाही?"

"येयत. जा घातलंस, त्याच शब्दांनी सोडवूक होया. आसत ते शब्द?"

शब्द नव्हते. संवादाचा कागद पथक घेऊन गेलं होतं. मास्तरांना मतलब आठवत होता, पण पुढच्या आठवड्यात अकरा जणांना विचारलं तर अकरा तऱ्हा निघाल्या. दाजी म्हणाले, शिरेल टीव्हीवर लागली की ऐकून लिहून घेऊ.

इथवरची गोष्ट मास्तर कुणालाही सांगत. पुढची त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, पत्नी लिलियनलाही नाही.

शपथेच्या दुसऱ्या दिवशी मालवणातल्या एका गोदामात शेवटचा प्रसंग घेतला होता. अकरा जण रापणीला गेले होते. गोदामात फक्त नायक, कॅमेरा आणि मास्तर. टोळी पकडली जाते, मुनीम नायकाचे पाय धरतो आणि रडत सगळ्या साथीदारांची नावं सांगून टाकतो. कागदावर लिहिलं होतं, 'ग्यारह नाम'. कुठली, ते लेखकाने कळवलं नव्हतं. ऐनवेळी मास्तरांना अकरा खोटी नावं सुचेनात. त्यांनी खरी सांगितली. आडनावांसकट, हजेरी घेतल्यासारखी.

भाग लागला त्या संध्याकाळी दाजींच्या ओटीवर सगळी वाडी जमली होती. माडावरचा अँटेना पणजीकडे फिरवलेला होता. वही-पेन्सिल मास्तरांकडेच होती. शपथेचा प्रसंग आला आणि "व्हय म्हाराजा" ऐकू येताच ओटीवर अशी आरोळी उठली की त्यात शपथ वाहून गेली. मास्तरांना एक शब्दही लिहिता आला नाही. वीस मिनिटं झाली. गोदामाचं दार पडद्यावर दिसलं, तसे मास्तर लघवीला म्हणून उठले, मागच्या पडवीत गेले आणि त्यांनी मीटरशेजारचा फ्यूज काढून लेंग्याच्या खिशात घातला.

अंधारात सगळ्यांनी वीजमंडळाला शिव्या घातल्या. मास्तरांनीही घातल्या.

तेव्हापासून शपथ लागू राहिली. खाजणवाडीतल्या अकरा घरांतून बाहेरच्या माणसाला कुणाही साथीदाराचं नाव कळलं नाही. एक्क्याण्णवच्या शिरगणतीला सरकारने मास्तरांनाच वाडी नेमून दिली. बाबू तारीच्या घराला कुलूप होतं, म्हणून त्यांनी शेजारच्या आबा केळूसकरला विचारलं, या घरात कोण राहतं? आबा मास्तरांचा लहानपणापासूनचा मित्र, आणि अकरांतला एक. तो म्हणाला, "नाव सांगूक जमाचा नाय. तुका म्हायत आसा, तूच लिही." शाळेत ज्याला गप बसवता बसवता शिक्षक थकले होते, त्या आबाने शपथ सर्वांत कडक पाळली. कारण साधं होतं. तो रोज समुद्रावर जायचा आणि त्याला रोज परत यायचं असायचं.

वाडीतून इतक्या वर्षांत पोलिसांकडे एकही तक्रार गेली नाही. तालुक्यात याला शांतता म्हणत.

यंदाच्या फेब्रुवारीत या शांततेच्या तावडीत नितेश सापडला. नितेश हा पद्मावतीचा एकुलता मुलगा. पद्मावती मालवणच्या बाजारात मासे विकते. तिचा नवरा अकरांतला एक, आठ वर्षांपूर्वी गेला. पर्यटकांना फिरवणाऱ्या एका होडीचं इंजिन सकाळी चोरीला गेलं आणि संध्याकाळी पद्मावतीच्या मांगरात, जाळी ठेवायच्या झोपडीत, सापडलं. मांगराला दार नाही, पण मालक आहे. पोलिसांनी नितेशचं नाव लिहिलं. त्याला जहाजावर नोकरीचं पत्र आलेलं होतं, आणि महिनाअखेरीच्या आत पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला पाठवायचा होता. तक्रारीत नाव असताना तो मिळणार नव्हता.

पद्मावती मास्तरांच्या घरी आली ती टोपली डोक्यावर तशीच ठेवून.

"मास्तरांनु, इंजिन बाबूने ठेवलेला. आबान बघलेला आसा. माका बायलमाणसांकडसून कळला, म्हणान माझा पोलिस धरणत नाय. आबा पोलिसांका सांगणा नाय. कित्याक, ता तुमका म्हायत आसा."

"मी आबाशी बोलतो."

"बोलान काय होतला? शपथ तुमी घातलास, सोडवा पण तुमीच. माझो घोव तुमच्या शपथेत गप बसान मेलो. झील तरी सुटूंदे."

लिलियनने टोपली उतरवायला हात लावला, तर पद्मावतीने लावू दिला नाही.

मास्तर आधी बाबूकडे गेले. बाबू ओटीवर जाळं शिवत होता. त्याने काहीच नाकारलं नाही. त्या होडीवाल्याने चार वेळा त्याची जाळी फाडली होती, म्हणून रागाने इंजिन काढलं, जड झालं, जवळच्या मांगरात ठेवलं. रात्री नेऊन समुद्रात टाकणार होता. पोलीस आधी आले.

"मग जाऊन सांग ना तसं."

"कसा सांगू?" बाबू म्हणाला. "टोळयेतल्या माणसाचा नाव भायर जाता नये. मी टोळयेत आसंय. माझा नाव मी तरी कसा सांगू?"

मास्तरांनी चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं होतं. त्यांना या वाक्यात चूक सापडली नाही.

आता गावकरकी दाजींच्या मुलाकडे, गुरुप्रसादकडे होती. तो कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि गाऱ्हाणी सुट्टीच्या दिवशी घालतो. त्याचा निर्णय वडिलांचाच होता: त्याच शब्दांनी सोडवायचं, ज्याने घातलं त्यानेच, आणि हयात असतील त्या सगळ्यांनी हजर राहायचं. हयात चौघे होते.

मास्तरांनी म्हापशाला राहणाऱ्या मुलीला, जॉयसीला फोन केला. तिने तो भाग अर्ध्या तासात शोधून मोबाइलवर पाठवला. कुणा हौशी माणसाने जुन्या टेपवरून तो इंटरनेटवर चढवला होता. अडतीस वर्षं जी गोष्ट मिळत नाही म्हणून सगळे थांबले होते, ती गेली सहा वर्षं तिथे होती आणि चारशे बारा जणांनी पाहिली होती.

लिलियन आणि मास्तर बघायला बसले. वड दिसला, दाढी दिसली, ओठ हलले, आणि आवाज आला तो कुणा भलत्याच भारदस्त माणसाचा. मुंबईत मास्तरांचं बोलणं पुसून दुसऱ्याचं भरलं होतं. शब्द मात्र तेच होते, आणि "व्हय म्हाराजा" अस्सल होतं. त्याची नक्कल मुंबईत कुणाला जमली नसावी.

"तुजो आवाज खंय?" लिलियनने विचारलं.

ज्या आवाजाच्या जोरावर मास्तरांनी चौतीस गॅदरिंगांचं सूत्रसंचालन केलं होतं, तो मुंबईने नापास केला होता. त्यांनी शपथ वहीत उतरवली आणि मोबाइल बंद केला.

"पुढचा बघूचा नाय?"

"नको. शब्द मिळाले."

शब्द गुरुप्रसादला पुरले असते. आबाला पुरले नाहीत.

"सोडवूची कित्याक?" आबा म्हणाला. होडीला डांबर लावताना तो मान वर करत नसे. "पाळलंय, आणि रोज परत इलंय. आता तू कायतरी बोलतलंस, त्यातलो एक शब्द इकडचो तिकडे झालो, तर बुडतलो कोण? तू? तुका पोवाक पण येणा नाय."

"आबा, पोराची नोकरी जाईल."

"म्हायत आसा. माका झोप नाय लागणा. पण दर्यार मी जातंय, तू नाय."

महिना संपायला आठवडाही उरला नव्हता. मास्तरांनी खिशातून मोबाइल काढला, होडीच्या काठावर ठेवला आणि भाग विसाव्या मिनिटापासून लावला.

"ह्या काय?"

"शेवट. आपण बघितला नव्हता तो."

आबाने हात पुसले. गोदामाचं दार उघडलं. नायकाने खोटी मिशी काढून आपली ओळख दिली. तोही त्या दिवशी वडाखाली उभा होता, पण "व्हय" म्हणाला नव्हता, त्यामुळे त्याच्याविषयी आबाची तक्रार नव्हती. मग पांढऱ्या दाढीचा मुनीम नायकाच्या पायांवर पडला आणि मुंबईच्या माणसाच्या आवाजात रडत नावं सांगू लागला. बाबू तारी. पद्मावतीच्या नवऱ्याचं नाव. चौथं नाव आबा केळूसकर होतं. मुंबईच्या माणसाने 'ळ' ला 'ल' केला होता, पण आबाने ओळखलं.

अकरा नावं संपली तशी त्याने भाग थांबवला.

"शपथ घातलेल्याच्या दुसऱ्याच दिसा?" त्याने विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. मला दुसरी नावं सुचली नाहीत."

"आणि ह्या सगळ्या देशान ऐकला."

"आपली ओटी सोडून."

आबाने मोबाइल उचलला, उलटा करून पाहिला, परत दिला. "रडणा तरी तुजा आसा?"

"तेही मुंबईचं आहे."

"ह्या माका दाखवूक तुका लाज नाय वाटली?"

"वाटली म्हणूनच इतकी वर्षं दाखवलं नाही."

आबाने डांबराचा ब्रश पुन्हा हातात घेतला आणि दोन फळ्या पुऱ्या केल्या. मास्तर जायला वळले तेव्हा तो मागून म्हणाला, "नावां कवाच भायर गेली, मगे सांभाळूचा काय? आयतवारी किती वाजता?"

रविवारी प्रार्थना आटोपून मास्तर दहा वाजता वडाखाली आले. पाद्रींना त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं. पाद्री म्हणाले, "घालत नाही, सोडवताय ना? मग जा, पण लवकर आटपा." आबा आणि बाबू आले होते. तिसरा कुडाळला मुलीकडे असतो, तो सकाळच्या एसटीने आला. चौथा अंथरुणावर होता. त्याला गुरुप्रसादने फोन लावून फोन राखणदाराच्या दगडाशेजारी ठेवला. पद्मावती आणि नितेश जरा लांब, दगडी गडग्यापलीकडे उभे होते.

मास्तरांनी वही उघडली. शब्द तेच होते, फक्त प्रत्येक 'नहीं' उलटवला होता. अडतीस वर्षांनी त्यांना आपल्या आवाजात ते शब्द म्हणायचे होते, आणि आवाज थोडा चिरका निघाला.

"जो इस टोली में आया, उसका नाम इस किनारे से बाहर जाएगा।"

"व्हय म्हाराजा," तिघे म्हणाले. एका क्षणानंतर दगडाशेजारून चौथा म्हणाला. तिकडे नेटवर्क कमी असतं.

"किसी ने पूछा तो ज़रूर।"

"व्हय म्हाराजा." आणि मागाहून दगडाकडून, "व्हय म्हाराजा."

"जिसकी ज़बान खुलेगी, दर्या उसे वापस लाएगा।"

या वेळी आबा मोठ्याने म्हणाला. दगडाकडूनही आलं. बाबू मात्र गप्प होता. त्याची नजर गडग्याकडे होती, जिथे पद्मावती टोपलीशिवाय उभी होती. गुरुप्रसाद घड्याळ न बघता थांबला. मास्तरांनी वही मिटली नाही.

"व्हय म्हाराजा," बाबू म्हणाला, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

सोमवारी सकाळी आबा आणि मास्तर मालवणला पोलीस ठाण्यात गेले. आबाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत बाकड्यावर बाबू बसलेला होता, त्यानेही इस्त्रीचाच. तो पहिल्या गाडीने आला होता. हवालदारांसमोर त्याचा जबाब लिहून पडला होता, खाली सही होती. नितेशचं नाव वगळायचा कागद साहेबांच्या सहीसाठी आत गेला होता.

"तुमचं काय काम?" हवालदारांनी विचारलं.

"इंजिनाबद्दल जबाब द्यायचा आहे," आबा म्हणाला. सरकारी जागेत तो पुस्तकी मराठी बोलतो, जमेल तितकं.

"बाबूंनी सगळं स्वतःच सांगितलंय. आता तुमच्या जबाबाची गरज नाही."

"तुमका नसली तरी माका आसा," आबा म्हणाला. पुस्तकी मराठी तिथे संपली होती. त्याने खुर्ची ओढली. "अडतीस वर्सांचा साठला हा. लिवा. पयला नाव, साल्वादोर पिंटो."

हवालदारांनी मास्तरांकडे पाहिलं.

"दाजींच्या पडवीतलो फ्यूज," आबा सांगत होता. "शिरेल संपाक धा मिनटां होती. ह्याने काढून लेंग्याच्या खिशात घातल्यान. मी मागसून लघवेक गेलेलंय, म्हणान बघलंय."

इतक्या वर्षांत आबाने मास्तरांच्याच शपथेपायी मास्तरांचंही नाव सांभाळलं होतं.

"फ्यूज कधी काढला?" हवालदारांनी विचारलं.

"शहाऐंशी साली."

हवालदारांनी पेनला टोपण लावलं. "मास्तर, हे म्हणतात ते खरं आहे?"

मास्तरांनी उत्तरासाठी शब्द जुळवायला घेतले. पण ते जुळण्याआधीच बाकड्यावरून बाबू, अडतीस वर्षांच्या सवयीने, म्हणाला, "व्हय म्हाराजा."